बचावात जोडीदाराची पानं कशी ओळखायची?

डुप्लिकेट ब्रिजमध्ये (जोडीनं खेळायचा पत्त्यांचा खेळ, त्यात तेच डाव अनेक टेबलांवर खेळले जातात) बचाव करताना, म्हणजे समोरच्या जोडीला रोखताना, नेहमीची अडचण म्हणजे जोडीदाराकडे काय आहे ते कळत नाही आणि आपण चुकीचा रंग उतरतो. उपाय साध्या वजाबाकीचा आहे.

१. गड्डीत एकूण ४० गुण (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १).
२. डमी (समोरच्या जोडीतल्या एकाची टेबलावर मांडलेली पानं) उघडताच तिचे आणि आपले गुण ४० मधून वजा करा.
३. बोलीतून कळलेले डिक्लेररचे (बोली जिंकून डाव खेळणाऱ्याचे) गुणही वजा करा. उरले ते जोडीदाराचे.

परवा जळगावात दुपारच्या डावात डिक्लेररची वन नो ट्रम्पची (हुकमाचा रंग नसलेली) बोली होती, म्हणजे त्याच्याकडे १५ ते १७ गुण. डमीत १०, माझ्याकडे ९. जोडीदाराला उरले ४ ते ६. डिक्लेररने इस्पिकचे एक्का-राजा, किलवरचे एक्का-राणी, चौकटचा राजा दाखवला, झाले १६. बदामचा एक्का ना डमीत, ना माझ्या हातात. डिक्लेररकडे असता तर २० झाले असते! मी बेधडक बदाम उतरलो, जोडीदाराचा एक्का टेबलावर आला.

मात्र काही जोड्यांचा वन नो ट्रम्प १२ ते १४ चा असतो. त्यामुळे त्यांचं कन्व्हेन्शन कार्ड (बोलींचे अर्थ लिहिलेलं कार्ड) आधीच बघा. आणि हिशेब डमी उघडल्या उघडल्या उरका. ऐन वेळी रेंगाळलात तर त्यातून जोडीदाराला इशारा जातो, आणि त्याचा फायदा घेणं जोडीदाराला नियमात बसत नाही.