फोरम बसवताय? फोल्डर निवडताना या चुका टाळा

पीएचपीबीबी किंवा मायबीबी ही फोरम, म्हणजे ऑनलाइन चर्चेची जागा, चालवणारी सॉफ्टवेअर सर्व्हरवर चढवणं अवघड नाही. लोक अडकतात ते फोल्डरपाशी, कारण फोल्डरवरूनच फोरमचा पत्ता ठरतो. म्हणून आधी पत्ता पक्का करा: मुख्य डोमेनवर, डोमेनपुढे ‘/फोरम’ लावून, की सबडोमेनवर (डोमेनच्या आधी वेगळं नाव लावून)? नंतर बदलता येतो, पण तोवर सभासदांनी व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या आणि गूगलने नोंदवलेल्या लिंका तुटतात.

त्या पत्त्यासाठी सर्व्हर कुठल्या फोल्डरमधून फाइली देतो, ते मग शोधा. त्याला डॉक्युमेंट रूट म्हणतात. सीपॅनेल आणि प्लेस्क ही होस्टिंग सांभाळायची पॅनेलं. सीपॅनेलमध्ये मुख्य डोमेनसाठी तो ‘पब्लिक_एचटीएमएल’ असतो, प्लेस्कमध्ये ‘एचटीटीपीडॉक्स’. उबुंटू लिनक्सवर स्वतः अपाचे हा वेब सर्व्हर बसवला असेल तर सुरुवातीला ‘/व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू/एचटीएमएल’. एफटीपीने (सर्व्हरवर फाइली पाठवायच्या सोयीने) लॉगिन केल्यावर समोर येणारा फोल्डर म्हणजेच डॉक्युमेंट रूट, असं धरून चालू नका. बऱ्याचदा तो एक पायरी वरचा होम फोल्डर असतो, आणि तिथे टाकलेली फाइल ब्राउझरमधून उघडतच नाही. सबडोमेनच्या बाबतीत तर अंदाज नकोच. सीपॅनेलच्या डोमेन्स पानावर प्रत्येक नावासमोर त्याचा फोल्डर लिहिलेला असतो, तो वाचा.

माझा खरा आग्रह इथे आहे. सॉफ्टवेअर चढवण्याआधी त्या फोल्डरमध्ये एका ओळीची साधी टेक्स्ट फाइल ठेवा आणि ठरवलेल्या पत्त्यावर ती उघडून पाहा. ओळ दिसली तर जागा बरोबर. ४०४ (‘पान सापडलं नाही’) आलं तर पुढे जाऊ नका, आधी फोल्डर तपासा. नावातली अक्षरंही बघा: लिनक्स सर्व्हरवर इंग्रजीतलं मोठं एफ आणि लहान एफ हे दोन वेगळे फोल्डर होतात.

पुढची चूक झिपची. पीएचपीबीबीची झिप उघडली की ‘पीएचपीबीबी३’ नावाचा फोल्डर तयार होतो. मायबीबीच्या झिपमध्ये ‘डॉक्युमेंटेशन’ आणि ‘अपलोड’ असतात, त्यातलं फक्त ‘अपलोड’च्या आतलं चढवायचं. सगळं तसंच चढवलं तर पत्त्याला नको ते शेपूट लागतं. इन्स्टॉल करण्याआधीच आतल्या फाइली वर सरकवा. सरकवताना ‘.एचटीअॅक्सेस’ ही सर्व्हरच्या नियमांची फाइल मागे राहते, कारण ती लपलेली असते; फाइल मॅनेजरच्या सेटिंगमध्ये लपलेल्या फाइली दाखवायचा पर्याय चालू करा.

इन्स्टॉल झाल्यावर फोल्डर हलवायचा असेल तर नुसत्या फाइली हलवून भागत नाही. पीएचपीबीबी आपला जुना पाथ, म्हणजे पत्त्यातला फोल्डरचा भाग, डेटाबेसमध्ये जपून ठेवतो. कुकीचा (ब्राउझरमध्ये लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या नोंदीचा) पाथ किंवा डोमेन जुनंच राहिलं, तर लॉगिन केल्या केल्या माणूस परत बाहेर फेकला जातो. म्हणून बॅकअप घ्या, मग अॅडमिनमधल्या सर्व्हर सेटिंगमध्ये स्क्रिप्ट पाथ बदला, कुकीची सेटिंग तपासा आणि कॅश साफ करा. फ्लॅरम या दुसऱ्या फोरम सॉफ्टवेअरमध्ये पत्ता ‘कॉन्फिग.पीएचपी’ या सेटिंगच्या फाइलमध्ये असतो.

फ्लॅरमचं आणखी एक वेगळेपण आहे. तिथे डॉक्युमेंट रूट म्हणून फक्त आतला ‘पब्लिक’ फोल्डर द्यायचा. कॉन्फिग आणि लॉग वेबच्या आवाक्याबाहेर राहावेत, यासाठीच ती रचना आहे. अख्खा फ्लॅरम ‘पब्लिक_एचटीएमएल’मध्ये ओतलात तर तिच्यावर पाणी पडतं.

मुख्य डोमेनवर वर्डप्रेस असेल तर त्याच्या शेजारी ‘फोरम’ फोल्डरमध्ये फोरम सुखाने चालतो, कारण वर्डप्रेसचे नेहमीचे नियम खऱ्या फोल्डरला हात लावत नाहीत. मात्र वर्डप्रेसमध्ये त्याच नावाचं पान असेल तर ते दिसेनासं होतं. दोघांना वेगवेगळी नावं द्या. आणि फोरमऐवजी होस्टिंगवाल्यांचं ‘लवकरच येत आहे’ हेच पान दिसत असेल, तर फोल्डरमध्ये जुनी ‘इंडेक्स.एचटीएमएल’ आहे का पाहा. काही सर्व्हर ‘इंडेक्स.पीएचपी’आधी तीच उचलतात.

आता सुरक्षेचं, आणि हे मी कळकळीनं सांगतो. ‘कॉन्फिग.पीएचपी.बॅक’ असली प्रत वेब फोल्डरमध्ये ठेवू नका. शेवटी ‘.बॅक’ लागलं की सर्व्हर सहसा तिला पीएचपी समजत नाही, आणि पत्ता हेरणाऱ्या कुणालाही डेटाबेसचा पासवर्ड उघडा वाचायला मिळतो. बॅकअपची झिप आणि ‘फोरम_जुना’ हेही तिथून हलवा. जुन्या आवृत्तीतली भोकं बंद झालेली नसतात. चालत नाही म्हणून सगळ्या फोल्डरांना ७७७ परवानगी (कुणालाही लिहायची मुभा) देणं हा उपाय नव्हे. पीएचपीबीबीला लिहायची मुभा ‘कॅश’, ‘स्टोअर’, ‘फाइल्स’ आणि अवतारचित्रांचा अपलोड फोल्डर एवढ्यांतच लागते.

शेवटी ‘इन्स्टॉल’ फोल्डर काढून टाका. तो असेपर्यंत पीएचपीबीबीचं फक्त अॅडमिन पॅनेल उघडतं, फोरम नाही, त्यामुळे ‘अॅडमिन दिसतंय, फोरम का दिसत नाही?’ असा प्रश्न पडला तर आधी तिथेच बघा.