खानदेशातील कडक उन्हात एक्स्पोजर कसे साधावे

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांत हौसेने छायाचित्रण करणाऱ्याला पावसाळ्याचे काही आठवडे सोडले, तर प्रकाशाची टंचाई सहसा भासत नाही. त्याची अडचण असते ती प्रकाशाच्या अतिरेकाची. उन्हाळ्यात सकाळचे नऊ वाजले की पांढरेफटक आकाश, काळीकुट्ट सावली आणि त्या दोहोंच्या मध्ये काहीच नाही, अशी छायाचित्रे मिळू लागतात. मग दोष कॅमेऱ्यावर ढकलून महागड्या लेन्सची चौकशी सुरू होते. माझ्या मते ती खरेदी पुढे ढकलावी आणि आधी एक्स्पोजर, म्हणजे छायाचित्रासाठी आत घेतला जाणारा प्रकाश, कमी-जास्त करणारे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचे, म्हणजे अधिक-उणे चिन्ह असलेले बटण अंगवळणी पाडावे. बहुतेक मोबाइलमध्ये हेच काम पडद्यावर विषयाला बोट लावून शेजारी दिसणारी सूर्याची खूण वर-खाली सरकवल्याने होते.

हे बटण का लागते, ते समजून घेणे आवश्यक आहे. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरून कॅमेऱ्यातील मीटर प्रकाश मोजतो. त्यामुळे जिनिंगच्या आवारातील कापसाचा ढीग चौकटभर घेतला, तर मीटर तो पांढरेपणा करड्यापर्यंत खाली ओढतो आणि कापूस मळकट दिसतो. अशा वेळी एक ते दीड स्टॉप अधिक करावे (एक स्टॉप अधिक म्हणजे प्रकाश दुप्पट, एक उणे म्हणजे निम्मा). काळ्या कसदार जमिनीची नुकतीच नांगरलेली तासे टिपताना मात्र उलटे करावे लागते, कारण तिथे मीटर काळ्याचे राखाडी करून ठेवतो. एक स्टॉप उणे केले की मातीचा रंग परत येतो. स्वयंचलित मोडवर विसंबायचे नसेल, तर स्वच्छ उन्हासाठी जुना हिशेब आजही चालतो: एफ/१६ अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र; आकडा लहान तितके छिद्र मोठे) आणि आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० असताना शटर सेकंदाच्या सुमारे १/१०० भागाइतके ठेवावे. अ‍ॅपर्चर एफ/८ केले, तर तेच शटर १/४०० होते.

खरी परीक्षा नंदुरबारच्या मिरचीच्या पथारींवर होते. हिवाळ्यात शहराच्या आसपास उघड्या जमिनीवर लाल मिरची वाळत घातलेली असते, आणि तिथे पहिल्यांदा गेलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या छायाचित्रात ती सपाट लाल डागासारखी येते. प्रत्यक्षात प्रत्येक मिरचीच्या सालीवर सुरकुत्या असतात, उन्हाकडच्या बाजूला चकाकीची बारीक रेघ असते आणि फिकट देठ वेगळा दिसतो. हे सगळे नाहीसे होते, कारण लाल, हिरव्या आणि निळ्या या तीन वाहिन्यांपैकी एकटी लाल वाहिनीच काठोकाठ भरून वाहू लागते. एकत्रित हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे काळोख आणि उजवीकडे उजेड किती हे दाखवणारा आलेख, पाहिला, तर सर्व काही ठीक आहे असे वाटते. म्हणून कॅमेऱ्यात तीन रंगांचा स्वतंत्र हिस्टोग्राम सुरू करावा आणि लाल आलेख उजव्या भिंतीला टेकणार नाही इतपत, बहुधा दोन तृतीयांश ते एक स्टॉप, एक्स्पोजर उणे करावे. शक्य असल्यास रॉ, म्हणजे सेन्सरने टिपलेल्या कच्च्या माहितीच्या, स्वरूपात टिपावे, कारण जेपेगमध्ये एकदा गेलेला लाल तपशील नंतर परत मिळत नाही. ऊन तिरपे असताना, म्हणजे सकाळी लवकर किंवा दुपार कलल्यावर गेल्यास सुरकुत्यांच्या सावल्या पडतात आणि पोत उठून दिसतो. उभे राहताना वारा पाठीकडून येईल अशी जागा निवडावी. ठसका लागलेल्या माणसाचा हात कुठल्याच शटर स्पीडला स्थिर राहत नाही.

रावेर-यावल पट्ट्यातील केळीच्या बागेत अडचण रंगाची असते. पानांतून गाळून आलेला प्रकाश माणसाच्या चेहऱ्यावर हिरवट झाक आणतो आणि व्हाइट बॅलन्सचे, म्हणजे पांढरे पांढरेच दिसावे यासाठीच्या रंगजुळणीचे, नुसते केल्व्हिन (निळा-पिवळा तोल) बदलून ती जात नाही. त्यासाठी टिंट (हिरवा-किरमिजी तोल) किरमिजीकडे सरकवावी लागते किंवा त्याच प्रकाशात पांढरा कागद धरून कस्टम व्हाइट बॅलन्स घ्यावा लागतो. सर्वांत सोपा उपाय म्हणजे त्या व्यक्तीला विनंती करून बागेच्या कडेला, बांधालगतच्या उघड्या सावलीत उभे करणे. पानांच्या शिरा टिपायच्या असतील, तर पानाच्या खालून सूर्याच्या दिशेने पाहावे आणि स्पॉट मीटरिंगने, म्हणजे चौकटीतील लहानशा भागाचाच प्रकाश मोजून, उजळलेल्या पानावरच मोजमाप घ्यावे. पानावरची पांढरी चमक कमी करण्यासाठी पोलरायझर फिल्टर उपयोगी पडतो. हौशी छायाचित्रकाराने घ्यावा असा माझ्या मते हा एकमेव फिल्टर.

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो, तेव्हा करड्या छटेचा तोच नियम पुन्हा कामी येतो: पांढऱ्याशुभ्र नुकरा घोड्यासाठी अधिक, काळ्या घोड्यासाठी उणे. धावता घोडा गोठवायचा असेल, तर शटर १/१००० किंवा त्याहून वेगवान ठेवून सतत फोकस करणारा मोड लावावा. वेग दाखवायचा असेल, तर १/६० च्या आसपास शटर ठेवून कॅमेरा घोड्याबरोबर फिरवत न्यावा; यात बरीच छायाचित्रे वाया जातात आणि ते अगदी स्वाभाविक आहे. संध्याकाळी सूर्याकडे तोंड करून टिपल्यास टापांनी उडालेली धूळ सोन्यासारखी उजळते, मात्र घोड्याच्या मागच्या पायांपासून चार हात दूरच राहावे. हीच धूळ सेन्सरची वैरी आहे, म्हणून बाजारात लेन्स बदलू नये. लेन्सवर बसलेली धूळ आधी ब्लोअरने उडवावी आणि मगच कापड लावावे. उपरण्याच्या किंवा शर्टाच्या टोकाने पुसल्यास काचेवर चरे पडतात. सौदा करणाऱ्यांचे चेहरे जवळून टिपायचे असतील, तर आधी रामराम करून परवानगी घ्यावी.

हतनूर धरणाच्या जलाशयावर हिवाळ्यात येणारे पक्षी मात्र सकाळीच गाठावेत. जमीन तापू लागली की हवेचे कमी-अधिक उष्ण थर प्रकाश वाकवतात आणि लांब लेन्समधून पाहिलेला पक्षी पाण्याखाली असल्यासारखा थरथरतो. यावर ट्रायपॉडचा उपयोग होत नाही आणि संगणकावर शार्पनेस वाढवूनही काही हाती लागत नाही. अंतर कमी करणे किंवा दुसऱ्या दिवशी लवकर येणे, एवढेच पर्याय उरतात. परतताना कॅमेरा उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नये. तो फिकट रंगाच्या सुती कापडात गुंडाळून आसनाखालच्या सावलीत ठेवावा आणि बॅटऱ्या खिशात घालून सोबत न्याव्यात.