उन्हाळ्यात काकडी कडू का होते आणि ती गोड कशी ठेवावी

आमचं गाव बार्शी तालुक्यात. एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि काळी जमीन अशी भेगाळते की फटीत अख्खा हात जावा. अशा उन्हात मी विहिरीशेजारच्या वाफ्यात काकडी लावते. सुरुवातीची दोन वर्षं ती इतकी कडू निघाली की थुंकून टाकावी लागली. मी बियाण्याला दोष देत होते, पण खोट माझ्या मातीत आणि पाणी द्यायच्या पद्धतीत होती.

आधी मातीचं सांगते, कारण निम्मं काम तिथंच होतं. काळी माती भुसभुशीत व्हावी म्हणून पहिल्या वर्षी मी तिच्यात वाळू मिसळली. मार्चपर्यंत वाफा विटेसारखा झाला, खुरपं आत जाईना. चिकण मातीत थोडी वाळू घातली की असंच घट्ट बसतं. तिला हवं असतं कुजलेलं शेणखत. दहा बाय दहा फुटांच्या वाफ्याला मी दोन-तीन घमेली खत आणि किलोभर निंबोळी पेंड घालते. खत हातात घेतलं की चहापत्तीसारखं मोकळं पडलं पाहिजे आणि त्याला शेणाचा वास येता कामा नये. कच्च्या खताबरोबर हुमणी येते आणि ती मुळं कुरतडते. माती तयार झाली का हे बघायचं तर मूठभर ओली माती दाबा आणि अंगठ्यानं टोचा. गोळा फुटला तर ठीक, नुसताच खड्डा पडला तर अजून खत घाला. वाफा वीतभर उंच ठेवा, कारण काकडीच्या मुळांना पाणी साचलेलं चालत नाही.

बी संक्रांतीनंतर ते महाशिवरात्रीपर्यंत टोकावं. त्यानंतर लावलं तर ऐन फुलोऱ्यात ऊन गाठतं, नर फुलंच जास्त येतात आणि फळं कमी लागतात. राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या हिमांगी आणि फुले शुभांगी या जाती मी लावल्या आहेत. हिमांगीची फळं पांढरट, शुभांगीची हिरवी. बी चार-पाच तास कोमट पाण्यात भिजवून अर्धं पेर खोल, एका जागी दोन टोका. पुढं दोन्ही उगवली तर अशक्त रोप उपटू नका, नखानं खुडा, म्हणजे शेजारच्याची मुळं हलत नाहीत.

आता पाणी. माती कोरडी पडली आणि मग एकदम भरपूर पाणी मिळालं की वेल ताणात जातो आणि फळात कडवटपणा उतरतो. म्हणून ओल सारखी राहिली पाहिजे. मी वाफ्यात मातीचा माठ गळ्यापर्यंत पुरते, वर झाकण ठेवते आणि भोवती वीतभर अंतरावर चार वेल लावते. माठ हळूहळू पाझरतो आणि मुळं त्याच्याकडं ओढली जातात. मात्र पाणी गार होत नाही म्हणून टाकून दिलेला माठ इथं उपयोगाचा नाही. त्याची छिद्रं बुजलेली असतात. पुरण्याआधी भरून ठेवा, बाहेरून घाम फुटला तरच घ्या. मोठ्या रानात अर्थातच ठिबक बरं.

वाफ्यावर चार बोटं पाचट किंवा गव्हाचं काड पसरा. भर दुपारी पाचटाखाली हात घालून बघा, बाहेरची उघडी माती चटका देते आणि पाचटाखालची गारच लागते.

दुपारी पानं मलूल दिसली की जीव तुटतो, तरी लगेच पाणी ओतू नका. संध्याकाळी पुन्हा बघा. पानं ताठ झाली असतील तर वेल नुसता उन्हाला दमला होता. तशीच मलूल राहिली तर चार बोटं उकरून ओल तपासा.

वेल तुराट्यांच्या मांडवावर चढवा. पश्चिमेला मक्याच्या दोन ओळी लावल्या तर तिरप्या उन्हाला आडोसा होतो.

पहिली फुलं नर असतात, ती गळाली म्हणून घाबरू नका. मादी फुलामागं इवलीशी काकडी दिसते. मधमाश्या सकाळीच फिरतात, म्हणून फुलोऱ्यात सकाळची फवारणी मी कधीच करत नाही. मावा, पांढरी माशी दिसली तर पाच टक्के निंबोळी अर्क, तोही ऊन उतरल्यावर. फळमाशीसाठी क्यू ल्यूरचा, म्हणजे नर माश्यांना ओढणाऱ्या वासाच्या आमिषाचा, सापळा टांगते आणि डंख लागलेली फळं खोल पुरते, बांधावर फेकत नाही.

साधारण दीड महिन्यानं तोडा सुरू होतो. एक दिवसाआड, सूर्य वर यायच्या आत, देठ कात्रीनं कापून. एक जरी काकडी पिकून पिवळी पडली तरी वेल नवी फळं धरायला आळस करतो. हंगामाच्या शेवटी मात्र एका निरोगी वेलावरची एक काकडी मी मुद्दाम तपकिरी होऊ देते. तिचं बी धुऊन सावलीत वाळवते आणि राखेत घोळवून पुढच्या संक्रांतीसाठी डब्यात ठेवते.