पत्ता तोच, भाडेकरू नवा: ड्रायव्हरमधला माझा पहिला मोठा बग

इंजिनिअरिंग संपवून पुण्यात एका स्टोरेजवाल्या कंपनीत लागलो तेव्हा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मला परीक्षेपुरताच माहीत होता, आणि सहाव्या महिन्यात आमच्या ड्रायव्हरमधला (कर्नलला डिस्कशी बोलू देणारा कोड) हा बग गळ्यात पडला. तक्रार अशी की सर्व्हरमधली ४ टीबीची डिस्क काढून त्याच स्लॉटमध्ये ८ टीबीची लावली तरी लिनक्स ४ टीबीच दाखवतंय. रीबूट केलं की बरोबर. काढल्यावर जरा थांबून नवी लावली तरी बरोबर. पटकन बदलली तरच घोळ. आकडा चुकीचा दिसतो एवढंच ना, असं मला वाटलं होतं, पण आमच्या सीनियर मॅडम म्हणाल्या, "अरे, वरच्या फाइलसिस्टिमला डिस्क बदललेलीच कळली नाही तर ती जुन्या डिस्कचा डेटा नव्या डिस्कवर लिहीत बसेल." मग झोप उडाली.

पहिला आठवडा वाया गेला, कारण आमच्या लॅबमध्ये बग येतच नव्हता. शंभरदा डिस्क काढली, लावली, बोटं दुखली. शेवटी ग्राहकाकडचं एलएस-स्कझीचं (जोडलेल्या डिस्कची यादी देणारी कमांड) आउटपुट नीट वाचलं तेव्हा कळलं की त्यांच्याकडे साटा डिस्क आहेत आणि आमच्याकडे सगळ्या सास (डिस्क जोडायच्या दोन वेगळ्या पद्धती). नवीन लोकांनी हे आधी बघा, कोड नंतर. ग्राहकाची मांडणी जशीच्या तशी उभी करा, डिस्कच्या जातीसकट.

आता फरक काय पडतो? सास डिस्कला कारखान्यातूनच स्वतःचा जगावेगळा पत्ता मिळतो. साटा डिस्कला सास पत्ता नसतोच, मग ती एक्स्पांडरला (एका जोडणीवर अनेक डिस्क लावू देणारा भाग) जोडली की एक्स्पांडर आपल्या त्या फायच्या, म्हणजे त्या पोर्टच्या नावाने पत्ता देतो. म्हणजे तो पत्ता खोलीचा, भाडेकरूचा नाही. आणि आमच्या ड्रायव्हरच्या टेबलमध्ये डिस्कची ओळख म्हणून नेमका हाच पत्ता वापरलेला! त्यात डिस्क गेल्याची बातमी फर्मवेअर (कंट्रोलरच्या आतलं सॉफ्टवेअर) लगेच देत नाही, क्षणभर लिंक तुटली म्हणून डिस्क उडवू नये यासाठी ते काही सेकंद थांबतं, तेवढ्यात नवी डिस्क लागली की रीस्कॅन करणारं वर्कर (ड्रायव्हरचं पाठीमागे चालणारं काम) फक्त शेवटची स्थिती बघतं, जुन्या यादीशी नवी यादी ताडतं, पत्ता जुळतो, आणि म्हणतं सगळं तसंच आहे. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींमध्ये) पॉवर-ऑन किंवा डिव्हाइस रीसेट झाल्याची ओळ येत होती हो, पण ती एरवीही इतकी दिसते की कोणी ढुंकून बघत नाही. मीही नाही.

उपाय सोपा वाटला. स्कझीमध्ये (डिस्कशी बोलायची कमांडची भाषा) व्हीपीडीचं, म्हणजे डिस्क स्वतःबद्दल देते त्या माहितीचं, ८३ नंबरचं पान असतं (हेक्समधलं ८३ बरं का), त्यात डिस्कची खरी ओळख मिळते, साटाचीसुद्धा, कारण मधला ट्रान्सलेशन लेयर (स्कझीचं साटात भाषांतर करणारा) डिस्कचा डब्ल्यूडब्ल्यूएन (जगात एकमेव असा नंबर) तिथे आणून ठेवतो. पत्ता आणि ही ओळख, दोन्ही जुळलं तरच 'तीच डिस्क', नाहीतर जुनी काढ, नवी जोड. चार ओळींचं काम म्हणून मी मॅडमना सांगूनही टाकलं.

चार ओळींचं कसलं! स्पिनलॉक (धरलेला असताना झोपता येत नाही असा लॉक) धरूनच मी डिव्हाइस काढायचं फंक्शन बोलावलं, ते फंक्शन झोपू शकतं, मग 'शेड्युलिंग व्हाइल अ‍ॅटॉमिक' आणि मशीन आडवं. मग लॉकमध्ये फक्त नोंदी वेगळ्या यादीत सरकवायच्या, लॉक सोडायचा आणि मग काढाकाढी, असं केलं. क्रमही महत्त्वाचा, आधी काढणं मग जोडणं, कारण होस्ट, चॅनल, टार्गेट, लन (स्कझीमधला डिस्कचा चार भागांचा पत्ता) तेच असेल तर स्कझीचा मधला लेयर जुनंच डिव्हाइस तुमच्या हातात परत ठेवतो. त्यानंतर केसॅन (कर्नलमधल्या मेमरीच्या चुका पकडणारं साधन) लावून चालवलं तर यूज-आफ्टर-फ्री, म्हणजे सोडून दिलेली मेमरी वापरणं: जुन्या डिस्ककडे गेलेली कमांड उशिरा परत आली आणि मी फ्री केलेल्या नोंदीला हात लावला. त्यासाठी केरेफ (वापरणारे किती ते मोजणारा काउंटर), एक रेफरन्स टेबलचा आणि चालू असलेल्या प्रत्येक कमांडचा एकेक, शेवटचा सुटला की मगच फ्री.

पण खरी चूक रिव्ह्यूमध्ये सापडली, आणि ती मला कधीच दिसली नसती. मॅडमनी विचारलं, पान ८३ वाचताच आलं नाही तर? नवी डिस्क फिरायला वेळ घेते, किंवा चांगली डिस्कही क्षणभर बिझी असते. माझ्या कोडमध्ये तेव्हा ओळख सगळी शून्य यायची, शून्य जुन्या ओळखीशी जुळणार नाही, म्हणजे मी धडधाकट चालणारी डिस्क उपटून फेकणार, तीही रेडमधली (अनेक डिस्क मिळून एक म्हणून चालतात त्या गटातली)! त्यामुळे 'ओळख वेगळी' आणि 'ओळख कळली नाही' असे दोन वेगळे निकाल केले, दुसऱ्यात काही ठरवायचं नाही, थोड्या वेळाने पुन्हा स्कॅन. पॅचमध्ये सगळ्यात जास्त वेळ याच भागाला लागला.

घरी सराव करायचा असेल तर हार्डवेअर लागत नाही. क्यूईएमयूमध्ये (सॉफ्टवेअरमधलं आभासी मशीन) व्हर्टआयओ-स्कझी (त्यातला आभासी स्कझी कंट्रोलर) लावा, चालू मशीनला डिव्हाइस अ‍ॅडने एक डिस्क जोडा, डिव्हाइस डेलने काढा, मग त्याच टार्गेटवर वेगळा डब्ल्यूडब्ल्यूएन आणि वेगळा साइज देऊन दुसरी जोडा, आणि प्रत्येक वेळी एसजी-व्हीपीडी कमांडने पान ८३ वाचून बघा. आमचा ड्रायव्हर त्यात नाही, पण मधल्या लेयरमध्ये काय हालचाल होते ते मला तिथेच नीट दिसलं.