जीडीए शिकताना आधी कॉटवर स्वतः झोपून बघा

जनरल ड्यूटी असिस्टंट, म्हणजे सगळे ज्याला नुसतं जीडीए म्हणतात, त्या कोर्सला प्रवेश घेतलेल्यांसाठी हे लिहिते आहे. मी मिरजेत वॉर्डात सिस्टर होते. निवृत्तीनंतर याच कोर्सची प्रात्यक्षिकं शिकवते. आमच्याकडे बारावी झालेल्या पोरी येतात, नोकरी सुटलेली मुलं येतात आणि अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांचं सगळं केलेल्या सुनाही येतात. या सुनांना वाटतं आपल्याला काहीच येत नाही. खरं तर अर्धा कोर्स त्यांच्या हातात आधीच असतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट नक्की समजून घ्या. हा काही महिन्यांचा कोर्स आहे, त्याने नर्स होता येत नाही. एएनएमला (साहाय्यक नर्सचा कोर्स) दोन वर्षं, जीएनएमला (नर्सिंगचा डिप्लोमा) तीन, बीएस्सी नर्सिंगला चार, आणि पुढे नर्सिंग कौन्सिलची नोंदणी. तुमचं काम पेशंटची स्वच्छता, खाणंपिणं, हालचाल, नोंदी आणि सिस्टरांना मदत. इंजेक्शन, सलाईन, औषधं तुमच्याकडे नाहीत. रात्रपाळीला माणसं कमी पडली की "जरा एवढं इंजेक्शन दे" म्हणणारे भेटतात. तेव्हा "मला हे शिकवलेलं नाही, सिस्टरांना बोलावते" एवढं वाक्य तोंडात तयार हवं. हे आम्ही वर्गात मोठ्याने म्हणायला लावतो, कारण पहिल्या नोकरीत तोंडातून शब्द फुटत नाही.

माझ्या वर्गाचा नियम असा, की जे दुसऱ्याच्या अंगावर करायचं ते आधी आपल्या अंगावर करून घ्यायचं. डमीवर पायऱ्या पाठ होतात, पण डमी कधी "पाणी गार आहे" म्हणत नाही. म्हणून दोघादोघांच्या जोड्या करा. एकाने कॉटवर झोपायचं, दुसऱ्याने काम करायचं, मग अदलाबदल.

पहिला धडा हात धुण्याचा. साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद, सॅनिटायझरने २० ते ३० सेकंद. वेळ सगळ्यांना पाठ असते, हात तरी राहतातच. कुठे राहतात ते बघायचं असेल तर ग्लोव्हज घाला, डोळे मिटा आणि तळहातावर थोडा पोस्टर कलर घेऊन हात धुतल्यासारखे चोळा. डोळे उघडलेत की अंगठा आणि बोटांची टोकं कोरी दिसतील. ज्या हाताने आपण सगळं करतो त्याचा अंगठा हमखास सुटतो. अंगठी, बांगड्या, मनगटाचा दोरा ड्यूटीवर नको. पेशंटला हात लावण्याआधी, कुठलीही निर्जंतुक गोष्ट हाताळण्याआधी, रक्त-लघवीशी संबंध आल्यावर, पेशंटचं झाल्यावर आणि नुसतं त्याच्या कॉटला, लॉकरला हात लागल्यावरसुद्धा, अशा पाच वेळा हात धुवायचेच. ग्लोव्हज घातले म्हणून यातली एकही सुटत नाही.

मग टीपीआर, म्हणजे ताप, नाडी, श्वास, आणि बीपी. नाडी तीन बोटांनी बघा, अंगठ्याने नाही, कारण अंगठ्याला स्वतःचे ठोके असतात. मोठ्या माणसाची साधारण ६० ते १००. काखेत थर्मामीटर लावताना आधी घाम पुसा आणि चार्टवर "काखेत" असं लिहा. तोंडातल्यापेक्षा ते अर्धा ते एक अंश फॅरेनहाइट कमी दाखवतं. बोटाला क्लिप लावून ऑक्सिजन बघताना बोट गार असेल, नेलपॉलिश किंवा गडद मेंदी असेल तर आकडा फसवतो. बोट ऊबदार करून दुसऱ्या बोटाला लावून बघा.

श्वास मोजण्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. बऱ्याच ठिकाणी चार्ट उघडला की सकाळ, दुपार, रात्र, प्रत्येक पेशंटचा श्वास २०. कोणीच मोजलेला नसतो. आणि पेशंट बिघडायला लागला की पुष्कळदा सगळ्यात आधी श्वासच बदलतो, बीपी नंतर. मोजायचं असं: नाडी बघून झाली तरी बोटं मनगटावरून काढू नका. पेशंटला वाटू दे नाडीच चालली आहे. नजर छाती-पोटाकडे न्या आणि घड्याळात पूर्ण एक मिनिट मोजा. "आता श्वास मोजते" म्हटलंत की माणूस श्वास सांभाळून घ्यायला लागतो. जोडीदाराला तसं सांगून आणि न सांगता मोजा, फरक स्वतः बघाल. १२ ते २० ठीक. २५-३० आला, तर चार्टवर लिहून पुढच्या कॉटकडे जाऊ नका, आधी सिस्टरांना सांगा.

बीपीला घाई चालत नाही. पेशंट पाच मिनिटं शांत बसलेला हवा, पाठीला टेका, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही. अर्ध्या तासात चहा, बिडी, तंबाखू झाली का ते विचारा. आमच्या भागात मिश्रीचंही आठवणीने विचारावं लागतं, कारण ती तंबाखूच आहे हे कोणाच्या मनात येत नाही. कफ, म्हणजे बीपीच्या यंत्राचा फुगणारा पट्टा, उघड्या दंडावर, स्वेटरवर नाही, आणि खालची कड कोपराच्या घडीपासून दोन-तीन सेंटिमीटर वर. हात उशीवर, छातीच्या पातळीला. आता मनगटाची नाडी धरून कफ फुगवा. नाडी लागेनाशी झाली तो आकडा लक्षात ठेवा, हवा सोडा, थोडं थांबा. मग स्टेथोस्कोप लावून त्या आकड्याहून ३० जास्त फुगवा आणि सेकंदाला दोन-तीन अंकांनी काटा उतरू द्या. पहिला ठोका ऐकू आला तो वरचा आकडा, ठोके थांबले तो खालचा. नाडी धरण्याची पायरी बरेच जण गाळतात. काही पेशंटमध्ये ठोके मध्येच गप्प होतात आणि खाली पुन्हा सुरू होतात. नाडी न बघता फुगवलंत तर वरचा आकडा कितीतरी कमी लिहिला जाईल. मोजताना तुम्हीही बोलू नका, पेशंटलाही बोलू देऊ नका. आणि स्वतःचा दंड जोडीदाराला द्याच. काटा २०० वर नेऊन कोणी विसरला की हाताला काय होतं ते कळलेलं बरं.

कूस बदलणं शिकवताना मी पोरींना चादरीखाली एक जाड घडी करून त्यावर झोपवते. हलायचं नाही, हात वर न्यायचा नाही, कपाळाला खाज आली तरी नाही. वीस मिनिटं. उठल्यावर पाठीवर त्या घडीचा वळ असतो. अर्धांग झालेल्या आजोबांना तो वळ सांगताही येत नाही, बाजूलाही सरकता येत नाही. तिथेच बेडसोर, म्हणजे पडून पडून होणारी जखम, सुरू होतो. तेव्हापासून कोणाला "चादर ताणून घाला" असं सांगावं लागत नाही.

साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची आणि कोणत्या कुशीवर किती वाजता ते लिहायचं. प्रत्येक वेळी माकडहाड, टाचा, खुबे, कोपरं, खांद्याची पाती, डोक्याची मागची बाजू बघायची. लाल डाग दिसला तर बोटाने दाबा. दाबल्यावर पांढरा पडला नाही तर सिस्टरांना लगेच दाखवा. सावळ्या कातडीवर लाली दिसतच नाही, म्हणून हाताच्या मागच्या बाजूने ती जागा गरम लागते का, कडक लागते का ते बघा. लाल जागा चोळू नका. घरी आपल्याला तेल लावून चोळायची सवय असते, पण आतली नाजूक कातडी त्याने आणखी फाटते. सरकवताना ड्रॉशीट, म्हणजे पेशंटच्या कमरेखाली घातलेली आडवी चादर, धरून दोघांनी उचला, ओढू नका. आणि लुळ्या हाताला धरून तर पेशंटला कधीच उठवू नका, खांदा निखळतो. कपडे घालताना लुळा हात आधी, काढताना शेवटी. व्हीलचेअर चांगल्या बाजूला, ब्रेक लावून, पावलं ठेवायच्या पट्ट्या वर करून. तुम्ही गुडघ्यात वाका, कमरेत नाही. या कामात अनेकांची कंबर लवकर जाते.

स्पंजिंगला, म्हणजे कॉटवरच अंग पुसताना, डोळे आधी, साबण न लावता, नाकाच्या बाजूने बाहेरच्या बाजूला, प्रत्येक डोळ्याला कापडाचा वेगळा कोपरा. जेवढा भाग पुसायचा तेवढाच उघडा, बाकी अंग झाकलेलं. बायकांची खालची स्वच्छता नेहमी पुढून मागे. पाणी गार किंवा गढूळ झालं की बदला. पडदा ओढा, आणि प्रत्येक गोष्ट करण्याआधी सांगा: "आजी, आता पाठ पुसते हं." बेशुद्ध पेशंटलाही सांगा.

भरवण्याचा तास पोरांना गंमत वाटते, चमचा स्वतःच्या तोंडाशी येईपर्यंत. पहिला घास गिळायच्या आत दुसरा आला की कसं होतं ते तेव्हा कळतं. पेशंटला सरळ बसवा, हनुवटी किंचित खाली, लहान घास, गिळल्याचं गळ्याशी दिसलं की पुढचा. अर्धांगाच्या पेशंटच्या लुळ्या बाजूच्या गालात घास साठतो, तोंड उघडून बघा. ठसका लागला किंवा आवाज ओला, घुरघुरता झाला तर थांबा आणि सिस्टरांना बोलावा. गुंगीत असलेल्याला पाणीसुद्धा नाही. जेवणानंतर निदान अर्धा तास आडवं करू नका.

इनटेक-आउटपुटसाठी, म्हणजे पोटात किती गेलं आणि लघवीवाटे किती बाहेर आलं त्या नोंदीसाठी, पहिल्याच दिवशी मापाचा जार घेऊन वॉर्डातला पेला, कप, वाटी किती मिलीची ते मोजून वहीत लिहा. "दोन वाट्या पेज घेतली" या नोंदीचा डॉक्टरांना उपयोग नाही, मिली हवेत. लघवीची पिशवी नेहमी ओटीपोटाच्या खाली लटकलेली हवी, पण जमिनीला टेकलेली नको. स्ट्रेचरवर घेताना ती पेशंटच्या पोटावर ठेवतात, ते चूक आहे. लघवी उलटी आत जाते.

कचऱ्याचे रंग थोडक्यात: रक्ताने भिजलेला कापूस-पट्ट्या पिवळ्यात, नळ्या, कॅथेटर, ग्लोव्हज लाल पिशवीत, सुया-ब्लेड पांढऱ्या टणक डब्यात, काच निळ्यात. सुईला टोपण परत लावू नका. सुई टोचलीच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, पिळू नका, चोखू नका आणि त्याच क्षणी सांगा. एचआयव्हीविरोधी औषध लागलं तर ते पहिल्या दोन तासांत सुरू होणं उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही. ओरडा बसेल म्हणून लपवायची ही गोष्ट नव्हे. हिपॅटायटिस बीच्या लसीचे तीन डोस सहा महिन्यांत होतात. वॉर्डात जायच्या आधी सुरू करा, संस्थेने विषय काढला नाही तर तुम्ही काढा.

ओव्हर देताना, म्हणजे पाळी संपताना पुढच्या पाळीला पेशंट सोपवताना, आपला अंदाज सांगू नका, पाहिलेलं सांगा. "आजींना बरं वाटत नाहीये" यातून पुढच्या पाळीला काही कळत नाही. "आठला अर्धी इडली खाल्ली, अकरापासून काही नाही. हाक मारली की डोळे उघडतात, नाव सांगत नाहीत. श्वास २८, दोनदा मोजला." असं सांगितलंत की सिस्टर जागची उठतील.

परीक्षेत प्रात्यक्षिक आणि तोंडी दोन्ही असतं. परीक्षकांसमोर प्रत्येक पायरी मोठ्याने बोलत करा, नाहीतर केलेली गोष्टही त्यांच्या नजरेतून सुटते. लॉगबुकवरच्या सह्या रोजच्या रोज घ्या, शेवटच्या आठवड्यात सिस्टरांना शोधत फिरावं लागतं. आणि कॉटपासून दूर होण्याआधी कठडा वर, बेल पेशंटच्या चांगल्या हाताशी, पाण्याचा पेला पोचेल असा, आणि मग हात धुवायचे.