उन्हाळ्यातलं पळणं आणि घर: या चुका टाळा

जानेवारीत हाफ मॅरेथॉन धडपणे पार पडली की आपण स्वतःला जरा वेगळंच समजायला लागतो. मेडल शोकेसमध्ये, फिनिशर टी-शर्ट अंगात आणि डोक्यात पुढच्या वर्षीचं टायमिंग. फेब्रुवारी बरा जातो. मग होळी होते आणि त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने, त्याच बुटांत जीव नकोसा होतो. आमच्या ग्रुपवर एप्रिलमध्ये दर दोन दिवसांनी कुणीतरी विचारतं, "माझा फिटनेस गेला का?"

फिटनेस दोन महिन्यांत असा कुठे जात नाही. हवा बदललेली असते.

मी गेली सात वर्षं पळतेय. वय ४४, घर लालबागला, नोकरी फोर्टात. घरात नवरा, नववीतली लेक आणि सासूबाई. खालच्या बहुतेक चुका मी स्वतः केल्यात, काही दोनदा.

सोळा म्हणजे सोळा

दोन वर्षांपूर्वीचा मार्चअखेरचा रविवार. ठरलेलं अंतर १६ किलोमीटर: शिवाजी पार्क, सिद्धिविनायकावरून वरळी सी फेस, हाजीअलीच्या पुढे वळून परत. निघायचं होतं पहाटे पाचला. आमच्या चाळीत पाणी साडेचारला येतं नि सहाला जातं. आदल्या रात्री घरात मी कुणाशी काही बोलले नव्हते, त्यामुळे पिंप, कळश्या, बादल्या सगळं मीच भरलं. पार्कात पोचेपर्यंत साडेसहा. शहाण्या बाईने तिथेच अंतर अर्ध्यावर आणलं असतं. मी म्हटलं, सोळा म्हणजे सोळा.

परतीच्या वाटेवर, सी फेसला, आधी डोकं ठणकायला लागलं. मग दोन्ही हातांवर काटा आला. सकाळचे सव्वाआठ, कपाळावरून घामाच्या धारा, आणि अंगावर शहारे! थंडी कशी काय वाजतेय, म्हणून मला हसूच आलं. पुढच्याच मिनिटाला मनगटावरच्या घड्याळातले आकडे दिसत होते, पण त्यांचा अर्थ लागेना. तशीच कट्ट्यावर बसले. कोळीवाड्याच्या बाजूने टोपली घेऊन चाललेल्या एका मावशींनी विचारलं, "काय गो, चक्कर आली?" आणि उत्तराची वाट न बघता बाटलीतलं पाणी माझ्या मानेवर ओतलं. प्यायला नंतर दिलं, आधी मानेवर. अगदी बरोबर क्रम होता तो.

त्याच दुपारी डोंबिवलीला नणंदेच्या मुलीचा साखरपुडा. मध्य रेल्वेला मेगाब्लॉक, गाडीत उभं राहायला जागा नाही, आणि हॉलमध्ये पोचल्यावर मी पहिल्या रांगेतल्या खुर्चीत मान टाकून झोपले. मामीचे ते फोटो फॅमिली ग्रुपवर अजून फिरतात. घरी आल्यावर सासूबाई एवढंच म्हणाल्या, "पळायला ताकद आहे, पाहुण्यांत उभं राहायला नाही."

चार दिवस मी धुसफुसत होते. पाचव्या दिवशी वही काढून हिशेब मांडला.

चूक मुळात कुठे होते

जानेवारीचा वेग मार्चमध्ये ओढण्यात. शरीर थंड राहतं ते घाम वाळल्यामुळे. नुसता घाम येऊन उपयोग नाही, तो उडून जायला हवा. मुंबईच्या पहाटेच्या दमट हवेत तो उडत नाही, कोपरावरून टपकत राहतो. टपकलेला घाम फुकट गेलेला घाम. मग उष्णता बाहेर टाकायला शरीर रक्त कातडीकडे पाठवतं, तेच रक्त पायांनाही हवं असतं, आणि या ओढाताणीत हृदयाचे ठोके वाढतात. त्यात घामामुळे रक्तातलं पाणीही कमी होत जातं. म्हणून जानेवारीत ज्या वेगाला ठोके १५० होते, त्याच वेगाला एप्रिलमध्ये ते १६५ दिसले तर घड्याळ बिघडलंय असं समजू नका.

उपाय कंटाळवाणा आहे: हळू पळा. माझा साडेसात मिनिटांचा किलोमीटर एप्रिलमध्ये सव्वाआठचा होतो आणि मी तो होऊ देते. वेगापेक्षा बोलण्यावर लक्ष ठेवा. शेजारी पळणाऱ्याला पुरणपोळीची कृती मध्ये न अडखळता सांगता आली, तर वेग बरोबर. कटाला वेलची घालायची की नाही इथेच धाप लागली, तर जास्त झाला.

उकाड्याची सवय लागायला शरीराला साधारण १० ते १४ दिवस लागतात, तेही रोज थोडं थोडं त्या हवेत राबलं तर. आपण दिवसभर एसी ऑफिसात, रात्री एसी खोलीत, आणि रविवारी एकदम दोन तास रस्त्यावर. शरीराला सवय लागणार कधी? आठवड्यातले तीन दिवस अर्धा-अर्धा तास हळू पळणं हे एका मोठ्या रविवारापेक्षा इथे जास्त कामाचं.

मुळात एप्रिलमध्ये १८-२० किलोमीटरची घाई कुणाला असते? जूनमध्ये दक्षिण आफ्रिकेत कॉम्रेड्स पळायला जाणाऱ्यांना. ती शर्यत जवळपास ९० किलोमीटरची, त्यांना उन्हाळ्यात लांब पल्ले टाळताच येत नाहीत. पण त्यांचे आकडे मोबाइलवर बघून आपणही हाणायला लागतो. मुंबई मॅरेथॉन जानेवारीत. १६ आठवड्यांची तयारी धरली तरी ती सप्टेंबरअखेर सुरू होते. मार्च ते मे नुसता पाया राखायचा: सगळ्यात मोठं पळणं ८ ते १० किलोमीटर, नव्वद मिनिटांच्या आत. मी त्या वहीत लिहिलं की, असं केलं तर रविवारचे पाऊण ते दीड तास मोकळे होतात. ते कुणाचे, हा पुढचा प्रश्न.

समुद्र आहे म्हणजे गार असेल

हा खास मुंबईकरांचा गैरसमज. मार्चमध्ये सकाळी वारा बऱ्याचदा पूर्वेकडून, जमिनीवरून येतो. समुद्रावरचा वारा दुपारी उशिरा सुरू झाला की त्या दिवशी पारा चढतो. सांताक्रूझला २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंशांची नोंद आहे, म्हणजे उन्हाळा मे महिन्यातच भाजतो असंही नाही. अशा कोरड्या पूर्वेच्या वाऱ्यात घाम चटकन वाळतो आणि आपल्याला वाटतं, आज काही फारसा घाम नाही. पाणी तेवढंच गेलेलं असतं.

वेळेचंही तसंच. १ मार्चला मुंबईत सूर्य सातच्या किंचित आधी उगवतो, मेच्या मध्याला सहाच्या सुमारास. आपला गजर मात्र तोच राहतो. दर पंधरा दिवसांनी दहा मिनिटं मागे घ्या. आणि उठायला उशीर झालाच, तर अंतर कापा. चुकलेले किलोमीटर संध्याकाळी भरून काढू नका. डांबर रात्री आठलाही ऊब सोडत असतं.

पाण्याच्या दोन चुका

एक, अजिबात न पिणं, कारण "पोटात डुचमळतं". दोन, ग्रुपमधल्या उत्साही माणसाचं ऐकून तहान नसताना दर दहा मिनिटांनी बाटली रिकामी करणं. दुसरी जास्त धोक्याची. घामातून मीठ जातं, वरून नुसतं पाणी ओतत राहिलं की रक्तातलं सोडियम उतरतं, मग मळमळ, डोकेदुखी, गुंगी.

आपल्याला किती लागतं ते घरच्या वजनकाट्यावर कळतं. पळायच्या आधी आणि नंतर, अंग पुसून, वजन करा. एक किलो घटलं म्हणजे साधारण एक लिटर घाम गेला. मध्ये प्यायलेलं पाणी त्यात मिळवा. वजन वाढलेलं दिसलं तर तुम्ही जास्त प्यायलात. काळ्या टी-शर्टवर पांढऱ्या रेघा उमटत असतील तर तुमच्या घामात मीठ बऱ्यापैकी आहे, असं समजा.

ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. ती पाचशे मिलीच्या बाटलीत रिकामी केली की दुप्पट दाट होते आणि पोट बिघडतं. "थोडं स्ट्राँग करू" हा चहाचा नियम इथे लावू नका. घरी करायचं तर एक लिटर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. तासाभराच्या आतल्या पळण्याला याचीही गरज नसते. परत आल्यावर मिठाचं ताक किंवा कोकम सरबत पुरतं. ब्लडप्रेशरची गोळी चालू असेल, विशेषतः लघवी वाढवणारी, तर मीठ आणि उन्हातलं पळणं या दोन्हींबद्दल आधी डॉक्टरांशी बोला.

हे झालं की तिथेच थांबा

अंगावर शहारे, चक्कर, ठणकणारं डोकं, मळमळ, उगाच येणारी चिडचिड. यातलं एकही आलं की सावली, बसणं, मानेवर-डोक्यावर पाणी, आणि तिथून रिक्षा किंवा टॅक्सी. यासाठी शंभर-दोनशेची नोट बुटात किंवा मोबाइलच्या कव्हरमागे ठेवाच. सोबतचा माणूस असंबद्ध बोलायला लागला किंवा झोकांड्या खाऊ लागला, तर तो उष्माघात समजा. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका: कपडे सैल करा, मिळेल त्या पाण्याने अंग भिजवा, वारा घाला, मान, काख आणि जांघेत बर्फ ठेवा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका. "शेवटचे दोनच किलोमीटर राहिलेत" हे वाक्य ज्याला सुचतं, त्याला तर आधी बसवा.

घरातल्या चुका

पळण्याचा खर्च घरातला दुसराच कुणीतरी भरत असतो आणि आपल्या ते लक्षात येत नाही. माझ्या बाबतीत तो पाण्यात दिसला. मी गृहीत धरलं होतं की एखाद दिवस नवरा भरेल. त्याने गृहीत धरलं होतं की मी नेहमीसारखी भरूनच जाईन. आता बुधवार आणि शनिवार त्याचे. हे एका वाक्यात ठरलं, शनिवारी रात्री भाजी निवडताना. इतकी वर्षं ते वाक्य कुणीच बोललं नव्हतं.

झोप ही दुसरी. मार्चअखेरपासून आयपीएल. एका खोलीत टीव्ही, तिथेच मॅच साडेअकरापर्यंत, आणि आपला गजर चारचा. चार तासांच्या झोपेवर उकाड्यात पळणं म्हणजे आजाराला आमंत्रण. नवऱ्याला मॅच बंद कर म्हणणं मला पटत नाही, वर्षातून दोन महिने त्याचेही असावेत. मी लांबचं पळणं शनिवारी हलवलं आणि शुक्रवारी तो इअरफोन लावतो. शेवटच्या ओव्हरला इअरफोन लावलेला माणूस जास्त जोरात ओरडतो हे गणितात धरलं नव्हतं, पण चालतं.

तिसरी, पळून आल्यावरची. साडेनऊला यायचं, पंखा पाचवर करून पलंगावर आडवं व्हायचं आणि दुपारपर्यंत कुणी काही सांगू नये अशी अपेक्षा. मोकळे झालेले ते पाऊण-दीड तास मी याच जागी लावले. आता शनिवारी सव्वासहाला घरी असते. लेकीची वार्षिक परीक्षा होती तेव्हा तिला साडेसहाला उठवून चहा मीच दिला. पहिल्या शनिवारी सासूबाईंनी घड्याळाकडे बघितलं. "आज लवकर? बरी आहेस ना?"

मुलांना ओढून नेणं टाळा. मी लेकीला एका एप्रिलमध्ये पार्कात नेलं, तिला पाच किलोमीटर "करायला लावले", आणि त्यानंतर वर्षभर तिने पळायचे बूट पायांत घातले नाहीत. आता मे महिन्यात ती स्वतःहून खाली गल्लीत रात्री बॅडमिंटन खेळते, आणि मी तिकडे फिरकत नाही.

गावी गेल्यावरही शेड्युल चालवू नये. सावंतवाडीकडे आमच्या गावी मी एकदा सकाळी चढावर पळायला निघाले, तर दोन कुत्रे मागे लागले आणि वाटेतल्या प्रत्येक घरातून "काय झाला गो? कोण आजारी हा?" मेमध्ये दहा-बारा दिवस चाला, विहिरीचं पाणी काढा, आंबे उतरवा. त्याने काही बिघडत नाही.

बारीकसारीक

सुती बनियन घामाने जड होते आणि कातडी सोलते. पातळ पॉलिएस्टर बरा. काखेत, मांड्यांना आणि जिथे पट्टा घासतो तिथे पेट्रोलियम जेली. ओले मोजे बॅगेत ठेवून ऑफिसला नेऊ नका, पावसाळ्याआधीच बोटांत चिखल्या होतील. बूट कधीच उन्हात वाळवू नका, तळाचा डिंक सुटतो. आतली पट्टी काढायची, कागदाचे बोळे कोंबायचे, पंख्याखाली ठेवायचे, तासाभराने बोळे बदलायचे. कागद कालच्या पेपरचा घ्यावा. आजच्या पेपरात सासूबाईंचं शब्दकोडं बाकी असतं.