ईएसआयचा बेरोजगारी भत्ता : या चुका टाळा

पगारातून दरमहा पाऊण टक्का ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जातो, आणि तो दवाखान्यासाठी असतो एवढंच बहुतेकांना माहीत असतं. नोकरी गेली तर याच ईएसआयकडून पैसेही मिळू शकतात. जुलै 2018 मध्ये त्यासाठी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना सुरू झाली. कोविडच्या वर्षी भत्ता रोजच्या सरासरी कमाईच्या 25 टक्क्यांवरून 50 टक्के केला गेला. तो जास्तीत जास्त 90 दिवसांचा, आयुष्यात एकदाच. योजना मुदतवाढीवर चालत आली आहे, म्हणून अर्जाआधी सध्याची मुदत ईएसआयच्या शाखेत विचारून घ्या.

राजीनाम्यावर सही करणं

सगळ्यात महागात पडते ती ही चूक. कंपनीला माणसं कमी करायची असतात. एचआरवाला केबिनमध्ये बोलावून समजावतो, "टर्मिनेशनचा शिक्का कशाला लावून घेतोस? राजीनामा दे, फुल अँड फायनल हिशेब लगेच करतो." पोरगं सही करतं. पण स्वतःहून नोकरी सोडणाऱ्याला हा भत्ता नाही. स्वेच्छानिवृत्ती, नियत वयाची निवृत्ती, शिस्तभंगाची कारवाई, टाळेबंदी (मालकाने टाळं ठोकून काम बंद ठेवणं, कोविडचा लॉकडाऊन नव्हे), बेकायदा संप हेही बाहेर. म्हणजे काढलं कंपनीने आणि कागदावर मात्र सोडलं तुम्ही! काम कमी झाल्यामुळे काढत असतील तर तसं लेखी मागा. पत्र देत नसतील तर निदान त्या विषयाचे ईमेल, मेसेज जपून ठेवा. पुढे दाद मागायला तेवढंच हाताशी राहतं.

"कंपनीने नाव काढलंच असेल" असं धरून चालणं

कंपनी दर महिन्याची वर्गणी भरताना पोर्टलवर प्रत्येक कामगाराचे दिवस भरते. एखाद्याचे दिवस शून्य असतील तर कारण आणि कामाचा शेवटचा दिवस टाकायचा असतो. कित्येकदा तिथे "रजेवर" असं पडतं, नाहीतर काहीच भरलं जात नाही. मग कार्यालयाच्या लेखी तुम्ही अजून नोकरीतच असता आणि क्लेम अडकतो. आपल्या आयपी नंबरने (ईएसआयचा विमाधारक क्रमांक) ईएसआयसीच्या, म्हणजे ईएसआय चालवणाऱ्या महामंडळाच्या, पोर्टलवर लॉगिन करा, वर्गणीचा इतिहास उघडा. नोंद चुकलेली दिसली तर कंपनीला ईमेलने कळवा. फोनवरच्या "करतो, करतो"चा पुरावा राहत नाही.

दिवस न मोजता अर्ज करणं

किमान दोन वर्षं विमाधारक असायला हवं. वर्गणीचे कालावधी एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे असतात. नोकरी जाण्याच्या लगेच आधीच्या कालावधीत किमान 78 दिवसांची वर्गणी लागते, शिवाय त्याआधीच्या तीन कालावधींपैकी एकात आणखी 78 दिवसांची.

कंत्राटी कामगारांची गोची इथेच होते. ठेकेदार बदलला की नवा ठेकेदार जुना नंबर न विचारता नवा आयपी नंबर काढतो. मग अर्धे दिवस एका नंबरवर, अर्धे दुसऱ्यावर. दोन्ही नंबर घेऊन शाखेत जा आणि ते एकत्र करून मागा; हे नोकरी असतानाच उरकलेलं बरं.

रकमेचा चुकीचा अंदाज

निम्मा पगार मिळेलच असं धरू नका. मागच्या चार कालावधींची, म्हणजे दोन वर्षांची, एकूण कमाई 730 दिवसांनी भागतात आणि त्याच्या निम्मी रक्कम रोजची धरतात. दोन वर्षं सलग 18,000 रुपये पगार असेल तर रोजचे साधारण 296 रुपये, 90 दिवसांचे 26,600 च्या आसपास. मध्ये चार महिने घरी बसला असाल तरी भागाकार 730 नेच, म्हणून रक्कम घटते.

घाई, आणि बँकेचा घोळ

नोकरी गेल्यापासून 30 दिवस झाल्यावर भत्ता देय होतो. पुढच्या महिन्याचा क्लेम आगाऊ टाकता येत नाही. अर्ज थेट शाखेत, टपालाने किंवा ऑनलाइन करता येतो, कंपनीची मनधरणी करायची गरज नाही. झेरॉक्सवाला अजूनही स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र करायला सांगेल, पण ती अट नोव्हेंबर 2020 मध्येच काढली गेली.

पैसे थेट खात्यात येतात, आणि खातं जुनं असेल तर तिथे अडतात. देना बँक 2019 मध्ये बँक ऑफ बडोदात विलीन झाली, तिचे आयएफएससी कोड बदलले. ईएसआयच्या नोंदीत अजून जुना कोड असेल तर आधी तो दुरुस्त करून घ्या. आधार आणि पासबुकावरच्या नावाचं स्पेलिंगही जुळवून पाहा.

मधेच नवी नोकरी लागली तर भत्ता त्या तारखेपर्यंतच. लपवायला जाऊ नका, वर्गणी भरली जाताच ते पोर्टलवर दिसतं.

क्लेम पोहोचल्यापासून 15 दिवसांत निकाल लागायला हवा. नाही लागला तर शाखा व्यवस्थापकाला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तरीही हालचाल नसेल तर केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर तक्रार टाका, किंवा महामंडळाच्या दरमहा होणाऱ्या "सुविधा समागम" या तक्रारी ऐकण्याच्या बैठकीत जा. जाताना क्लेमची पोच, वर्गणीच्या इतिहासाची प्रिंट आणि कंपनीला पाठवलेला तो ईमेल सोबत असू द्या.